पिठातला वसवा

मार्गशीर्षातल्या अमावास्येला सकाळी दहानंतर लातूर शहरात कुणाला काही विकत घ्यायचं असेल, तर त्याची पंचाईत होते. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई ओस पडलेली असते. शटर खाली, रिक्षा तुरळक, शाळा बंद. जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. दिली नसती तरी कार्यालयात कोण सापडलं असतं, हा प्रश्नच आहे. अख्खं शहर शेतात गेलेलं असतं. ज्यांचं शेत आहे ते स्वतःच्या, ज्यांचं नाही ते मित्राच्या, शेजाऱ्याच्या नाहीतर घरमालकाच्या. छापील मजकुरात ही वेळ अमावास्या, बोलण्यात येळवस. हद्दीपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे तिला येळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये येळ्ळ म्हणजे तीळ.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते. तिच्यात पांडव मांडतात, नैवेद्य दाखवतात, आंबिलाचं बिंदगं डोक्यावरून वाजतगाजत आणतात, पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात. मग पंगत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकर, धपाटे, शेंगांची पोळी, तिळाची पोळी, आंबट भात, गव्हाची खीर. भजी नव्हे, भज्जी. बाहेरच्या पाहुण्याची पहिली फसगत इथेच होते. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, भुईमूग, चाकवत, मेथी, कांद्याची पात, चिंच असं त्या दिवसात रानात जे जे हिरवं असेल ते एकत्र शिजवायचं आणि डाळीचं पीठ लावून घट्ट करायचं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. वर लसूण, मिरची, कोथिंबीर. तीन ग्लास आंबील पोटात गेलं की बाभळीच्या सावलीत माणूस आडवा होतो, तो उन्हं कलल्याशिवाय उठत नाही.

या पंगतीत आजी असते, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेला मुलगा असतो, आणि उंड्याकडे संशयाने बघत खिरीवर भागवणारा नातू असतो. तिघांच्या पत्रावळीवर एकच जेवण पडण्याचा वर्षातला बहुधा हा एकच दिवस. इतर दिवशी त्याच घरात आजीला भाकर लागते, सुनेला चपाती सोयीची पडते आणि पोराला दोन्ही नको असतं. 'आजकालच्या पोरांना चवच कळत नाही' हे वाक्य लातूर-नांदेडकडच्या प्रत्येक ओसरीवर ऐकू येतं. पण त्याच कोपीचा कडबा कुठून आला, असं विचारलं तर गोष्ट वेगळी निघते. बऱ्याच ठिकाणी तो विकत आणलेला असतो, किंवा कडब्याच्या जागी ताडपत्री नाहीतर जुनी साडी लावलेली असते. कारण शेतात ज्वारीच नसते. जीभ बदलण्याच्या कितीतरी आधी रान बदललं होतं.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची जुनी रीत अशी होती: खरिपाला मूग-उडीद, ते निघाले की त्याच रानात रब्बीची ज्वारी. बांधाच्या कडेने करडई, अधूनमधून तुरीची ओळ, कुठे जवस, कुठे कारळ. मुगा-उडदाचं वरण, ज्वारीची भाकर, कडब्यावर जनावर, जनावराचं दूध-ताक, करडईचं तेल, जवसाची नि कारळाची चटणी. ताटातली जवळपास प्रत्येक वस्तू दोन-चार एकरांत तयार व्हायची. मीठ, गूळ आणि चहापत्ती तेवढी बाजारातून.

गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आलं आणि या साखळीतली एकेक कडी निखळत गेली. शंभर दिवसांत हाती येणारं, बाजारात उभ्या उभ्या खपणारं आणि नगदी पैसा देणारं हे पीक लातूर जिल्ह्याने असं उचललं, की तेलगिरण्याच त्याच्या मागे उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. रब्बीची ज्वारी म्हणजे पाखरांसाठी माळ्यावर बसून गोफण फिरवणं आलं, एकेक ताट मुळासकट उपटणं आलं, कणसं मोडणं आणि कडबा बांधून रचणं आलं. या कामाला आता माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. करडईच्या काट्यांत हात घालायलाही कुणी तयार नाही.

गंमत म्हणजे सोयाबीन हे मराठवाड्यातलं बहुधा पहिलं मोठं खाण्याचं पीक, जे पिकवणाऱ्याच्या चुलीवर कधी चढलंच नाही. ते खळ्यावरून थेट आडतीला जातं. तिथून गिरणीत, तेल एकीकडे, पेंड दुसरीकडे. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे औशाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन त्याच्या ताटात परत येतं ते पुडीतलं तेल होऊन आणि रविवारच्या ब्रॉयलर कोंबडीच्या रूपाने. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे म्हैस गेली, म्हशीमागे ताक गेलं. ज्या घरात ताक फुकट वाटलं जायचं, तिथे येळवसेच्या आंबिलासाठी दह्याची पिशवी आणतात.

धान्य साठवायची जागाही गेली. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतीच्या पोटात बळद असायचं. गावातल्या मोठ्या घरांची जमिनीखाली पेवं असायची. वर्षाची ज्वारी घरातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली आणि त्या भिंतींचीच भीती बसली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसली. नव्या सिमेंटच्या खोल्यांत बळदाला जागा नव्हती, आणि ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना ते हवंही नव्हतं. पण बळद नसलं की घर महिन्याच्या हिशोबाने धान्य आणू लागतं. आणि महिन्याच्या हिशोबाने स्वस्तात मिळतं ते गहू आणि तांदूळ.

*

या भागातल्या माणसांची पिढी जन्मसालावरून ओळखण्यापेक्षा वाढीच्या वयात त्यांच्या तोंडी कोणतं धान्य पडलं, यावरून ओळखावी. आज सत्तरीच्या घरात असलेल्या माणसांना मिलो विचारून पाहावं. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ही लाल ज्वारी. तिची भाकर थापताना फाटायची, खाताना घशात अडायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. ती घरी नेऊन पोरांत वाटायची. 'बाहत्तर' हा शब्द या माणसांच्या बोलण्यात साल म्हणून येत नाही, एक चव म्हणून येतो.

त्यांच्या पाठची पिढी हायब्रीडची. ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खरिपाच्या ज्वारीचं नावच 'हायब्रीड' पडलं. पोतं भरायचं, पोट भरायचं, चव मात्र नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा काळा पडायचा आणि भाकर राखेच्या रंगाची व्हायची. १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी ज्यांनी चाखली होती, त्या म्हाताऱ्यांनी या धान्याला कधी माफ केलं नाही. तरणी पोरं पोतं उचलताना धापा टाकू लागली की आजही ऐकू येतं: 'हायब्रीड खाऊन वाढलेली हाडं ही!'

मग आली तांदळाची पिढी. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांना शाळेचा तांदूळ आठवत असेल. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी केंद्राने शालेय पोषण आहार सुरू केला. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ, आणि पोरं तो पिशवीत घालून घरी न्यायची. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळेच्या ओट्यावर खिचडीचं पातेलं चढलं. भात हा ज्या गावांत सणाचा, लग्नाचा किंवा आजाऱ्याचा पदार्थ होता, तिथली पोरं दुपारी रोज भात खाऊ लागली. सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत. आवड म्हणजे दुसरं काय असतं? या योजनेत नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबला.

घरात हेच काम रेशनने केलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने माणशी पाच किलो देऊ केला. जानेवारी २०२३ पासून तोही फुकट. ज्यांची नावं या यादीत नव्हती, अशा शेतकऱ्यांनाही मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांत २०१५ पासून त्याच दराने धान्य मिळू लागलं. हे चौदा जिल्हे शेतकरी आत्महत्यांचे. म्हणजे ज्वारीच्या रानात राहणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने धीर दिला तो पंजाबच्या गव्हाने. २०२३ मध्ये या कुटुंबांचं धान्य बंद होऊन माणशी दीडशे रुपये खात्यात येऊ लागले. तोवर घरात पोळपाट-लाटण्याने काठवटीची जागा घेतली होती.

यात वाईट काय झालं, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं नाही. या गहू-तांदळाने कितीतरी घरांतली उपासमार संपवली. भुकेल्या पोटी झोपणं हा ज्या आजीच्या आठवणीचा भाग आहे, तिच्यासमोर पारंपरिक आहाराचं गुणगान करायला जीभ चाचरते.

*

गुणगानाचा आणखी एक घोटाळा आहे. 'आजीच्या हातची चव' म्हणताना कोणाची आजी, हे कुणी सांगत नाही.

२०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आलं. पाटोळे लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची एवढी सविस्तर नोंद मराठीत त्याआधी नव्हती. पुढे २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी ते इंग्रजीत नेलं. शीर्षकातच टोला आहे: ज्या ताटात काय पडावं हे जातीने ठरवलं, ते पूर्णब्रह्म कसं? या स्वयंपाकात तूप, दूध, तेल यांची रेलचेल नाही. पाककृतींच्या पुस्तकांतून ज्याला जागा मिळाली नाही असं सगळं आहे: रानभाज्या, येसर लावलेलं कोरड्यास, आणि मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा दुरुस्त कायदा लागू झाला आणि चान्यांचा धागा तिथे तुटला. त्यांची आठवण काढणाऱ्या म्हातारीला 'मिलेट'च्या जाहिरातीत जागा नाही.

एकाच गावात, एकाच ज्वारीच्या, तीन तऱ्हा असायच्या. वाड्यात बडा दाणा, त्याची पांढरीशुभ्र पातळ भाकर आणि वर लोण्याचा गोळा. मधल्या घरात भाकर आणि बेसन. इकडे पिठल्याला बेसनच म्हणतात. आणि गावकुसाबाहेर बलुत्यात किंवा मजुरीत मिळालेलं धान्य, त्याच्या कण्या, तांबड्या मिरचीचं पाणी. वाड्यातल्या नातवाला भाकरीची हुरहूर लागते. कण्या खाऊन वाढलेल्या बाईच्या नातवाला पनीर हवं असतं. त्याच्या पनीरला चोचले म्हणण्याचा अधिकार वाड्याला नाही.

पोळी हा तेव्हा सरळसरळ मान होता. पाहुणा आला, जावई आला, पोळा आला की गहू. इतर दिवशी पोळीचा वास आला तर शेजारीण विचारायची, 'कोण आलंय गं?' आपल्या लेकराने रोज पोळी खावी, हे एका अख्ख्या पिढीचं स्वप्न होतं आणि ते पुरं झालं. आता त्याच पोळीने साखर वाढते म्हणून डॉक्टर ती बंद करायला सांगतात, तेव्हा या पिढीला हसावं की रडावं कळत नाही.

*

नांदेडची गोष्ट थोडी निराळी. लातूरचं ताट तसं एकाच मुळाचं. नांदेडचं तीन-चार वाटांनी भरलेलं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा देह इथे पडला. सचखंड श्री हुजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभी राहिली. तेव्हापासून गोदाकाठच्या या ज्वारीच्या मुलखात लंगरची गव्हाची रोटी आणि दाल आहे. इथेच पिढ्यानपिढ्या राहिलेले दख्खनी शीख मराठी आणि दखनी बोलतात. पंजाबहून आलेला यात्रेकरू आणि मुखेडहून बाजाराला आलेला शेतकरी एकाच पंगतीत बसतात, आणि दोघांपैकी रोटी कोणाच्या सवयीची, हा प्रश्न आता उरलेला नाही.

दुसरी वाट हैदराबादची. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यांतली बिर्याणी आणि तहारी हा त्या राज्याचा मागे राहिलेला कारभार म्हणावा. तिसरी वाट तेलंगणाची. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांना तेलंगणाची हद्द लागते. धर्माबादच्या मिरचीचा ठसका तर बाजारातून जाताना रुमाल काढायला लावतो. इथल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत पहिल्यापासून भात आणि चिंचेचं चारू. तिथे चपाती हाच नवा पाहुणा. लातूरच्या आजीला जे 'पोरांचं फॅड' वाटतं तो भात देगलूरच्या आजीचा धर्म आहे. एक अंबाडी मात्र सगळ्यांची. मराठीत अंबाडी, तेलुगूत गोंगुरा, कन्नडमध्ये पुंडी. पानं तीच, आंबटपणा तोच. कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि गरम भाकर, यावर निदान नांदेडकडची पन्नाशीपुढची माणसं भांडण विसरतात. त्यांच्या मुलांना ती हैदराबादच्या हॉटेलात 'गोंगुरा मटण' म्हणून दीड-दोनशे मैलांवर आवडते, हा भाग वेगळा.

*

'लातूर पॅटर्न' म्हटलं की लोकांना गुणवत्ता यादी आठवते. खाण्याच्या इतिहासात त्याची नोंद वेगळ्या कारणाने व्हायला हवी. दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू १९७० चं. या महाविद्यालयांच्या नावाने मराठवाडाभरातून पंधरा-सोळा वर्षांची पोरं लातुरात येऊ लागली आणि पुढे खासगी शिकवण्यांचं जाळं पसरलं. नांदेडनेही तोच रस्ता धरला. सुरुवातीच्या पोरांचा डबा गावाहून एसटीने यायचा. पहाटे आई भाकरी थापायची, बाप डब्याला फडकं गुंडाळून कंडक्टरच्या हवाली करायचा, लातूरच्या स्थानकावर पोरगं डबा उतरवून घ्यायचं आणि कालचा रिकामा परतीच्या गाडीत चढवायचं. फडक्याच्या रंगावरून डबा ओळखायचा. कधी गाडी चुकली, कधी डबा पुढे गेला, तर पोरगं उपाशी. पण वर्गात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या पोटात तेव्हा स्वतःच्या शेतातली ज्वारी असायची.

मग मेस आली. मेसवाल्या काकूंना शंभर पोरांच्या भाकरी थापणं जमणारं नाही. चपाती लाटायला दोन बाया लावता येतात, ती दुपारपर्यंत मऊ राहते. तेव्हा चपाती, एक भाजी, वरण, भात. रात्री भूक लागली तर बाहेर गाडा. या गाड्यावरची सगळ्यात नामांकित वस्तू म्हणजे निलंगा राईस. तिखट, तेलकट, मसालेदार, कमी पैशात पोट भरणारा भात. लातूरच्या चौकांतून निघून तो लातूरच्या पोरांबरोबर पुण्यापर्यंत पोचला. ज्वारीच्या जिल्ह्याने बाहेरच्या जगाला दिलेला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ भाताचा निघावा, यात आश्चर्य नाही. शाळेच्या खिचडीवर वाढलेल्या पिढीने तो उचलून धरला.

त्याच निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लातूर जिल्ह्यातल्याच कास्तीच्या कोथिंबिरीलाही. डाळ, चिंच, कोथिंबीर: आमटीचं सगळं साहित्य एका जिल्ह्यात. अडचण पाण्याची. उन्हाळ्यात बोअरच्या जड पाण्यात तीच डाळ तासभर रटरटते आणि दाणा फुटत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली तेव्हा देशभर बातमी झाली. पाण्याच्या जारवर स्वयंपाक करणं ही त्या उन्हाळ्यानंतर कित्येक घरांची सवयच झाली, त्याची बातमी कुणी केली नाही.

सुशीला हा पदार्थ मात्र सगळ्यांना पुरून उरला. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याची पूड. पोह्यापेक्षा स्वस्त, उपम्यापेक्षा हलका. आजीला दात नाहीत म्हणून चालतो, पोराला वेळ नाही म्हणून चालतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे बाईचं नाव वाटतं, आणि त्यावरचे विनोद लातूरकर चाळीस वर्षं ऐकून घेतोय.

*

आता शिडी उलटी झाली आहे. २०२४-२५ साठी केंद्राने मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला. त्याच वर्षीच्या खरेदी हंगामात गहू २,२७५ वर होता. एकेकाळी गरिबाची म्हणून नाक मुरडलेली ज्वारी गव्हाच्या दीडपट. गहू तर रेशनवर फुकट. परिणाम कोणत्याही कुटुंबात दिसतो. गावात राहणारी म्हातारी रेशनच्या गव्हाची चपाती चहात बुडवून खाते, आणि तिचा पुण्यातला मुलगा साखर वाढल्यामुळे 'मालदांडी पीठ' असं लिहिलेली पुडी आणतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं तेव्हा तर ज्वारीला इंग्रजी नाव मिळालं आणि ती लग्नाच्या मेनूकार्डावर चढली. हुरड्याच्या शेतावर माणशी पैसे भरून शहरी कुटुंबं गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं चोळतात. ज्यांच्या रानात हे फुकट व्हायचं त्यांनी तिथे सोयाबीनमागे हरभरा पेरलेला असतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'इक्रिसॅट'बरोबर काम करून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं. गरज खरीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ५४.२ झालं. पोट भरलं, पण अंगात काय गेलं, हा प्रश्न त्या आकड्यांत आहे. २०२२-२३ च्या देशव्यापी खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांतले पाच रुपयेही धान्यावर जात नव्हते, आणि चहा-सरबतं, फरसाण, बिस्किटं, तयार खाणं यांवर ९.६२ रुपये जात होते. शहरात हा आकडा १०.६४. गाव आणि शहर यांच्यातलं अंतर पाच रुपयांच्या पुडीने जवळजवळ मिटवलं आहे. चाकूरच्या वाडीतल्या टपरीवर आणि नांदेडच्या मॉलमध्ये लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा सारख्याच.

एक गोष्ट बोलण्यात कमी येते: भाकर परत आणायची म्हटली तर ती थापणार कोण? पुरुषमंडळी भाकरीबद्दल जे भावुक होतात ते बहुतेक पाटावर बसून. दहा माणसांच्या घरात सकाळी तीस-पस्तीस भाकरी, तोंडावर चुलीचा जाळ, डोळ्यांत धूर, आणि त्याआधी पहाटे जात्यावर दळण. गिरणी आली तेव्हा म्हाताऱ्या पुरुषांनी 'पिठाची चव गेली' म्हणून कुरकुर केली. बायांनी केल्याचं ऐकिवात नाही. गॅस आला तेव्हाही तेच. चपाती एका वेळी लाटून डब्यात भरता येते, भाकर तव्यावरून ताटात पडली पाहिजे. म्हणजे खाणारे आठ असतील तर थापणारी सगळ्यांत शेवटी जेवणार. आज लातुरात बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या सुनेने काठवट माळ्यावर टाकली असेल, तर तिने चव टाकली असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

शिवाय थापणं ही नुसती मेहनत नाही, नजर आहे. ज्वारीचं पीठ आठवडाभरात जुनं होतं. मग त्याला वसवा राहत नाही. कुणी विरी गेली म्हणतं. पाणी घालून कितीही मळलं तरी भाकर हातावर फुटते. जुन्या बाया चिमूटभर पीठ बोटांत चोळून सांगायच्या, हे आजचं की परवाचं. पुडीतलं पीठ महिनाभर आधीचं, तेव्हा त्याला गरम पाण्याची उकड दिल्याशिवाय गत्यंतर नाही. पुण्या-मुंबईत भाकर दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटली जाते. गोल होते, पापुद्राही येतो. पाहुणचाराला गेलेल्या सासूबाई ती बघतात, एक तुकडा मोडतात, 'छान झाली बाई' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सून ऑफिसला गेल्यावर स्वतःच्या पिशवीतून आणलेलं पीठ काढतात.

येळवसेची संध्याकाळ झाली की शेतात हेंडगा पेटवतात; कडब्याची पेटती पेंढी घेऊन पोरं रानभर पळतात. बाया भांडी आवरतात आणि उरलेल्या भज्जीचे डबे भरू लागतात. एक शेजारी, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी. एक दवाखान्यात असलेल्या आत्याबाईंसाठी. मोठा डबा पुण्याला. भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, तिथले मित्र दारात उभे असतात. आंबील दोन लिटरच्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. ते रात्रभर बाटलीत फुगतं, हे आधीच्या एका वर्षी ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर कळलेलं असतं. म्हणून लेकरू पाया पडून निघताना माय बाकी काही न बोलता एवढंच बजावते, की झाकण घट्ट लावू नको, आणि बाटली आडवी ठेवू नको.